कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या वृद्धांच्या त्वचेची शुश्रूषा

पांढरी टोपी
(धागा)

कर्करोग विभागात परिचारिका म्हणून काम करताना घरच्या मंडळींकडून सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "सिस्टर, याला काय लावू?" रुग्ण चाळिशी-पन्नाशीतला असेल तर दोन-चार वाक्यांत उत्तर देता येते. सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाबाबत मात्र "आतापर्यंत काय काय लावले?" असे मला आधी विचारावे लागते, आणि त्या यादीतच बहुतेक वेळा निम्मे दुखणे सापडते. हळदीचा लेप, कोरफडीचा गर, टाल्कम पावडर, स्पिरिट, कापूर घातलेले खोबरेल, शेजारणीने दिलेले गजकर्णाचे मलम हे सगळे मायेपोटीच केलेले असते. दुर्लक्षामुळे त्वचा बिघडलेले वृद्ध मी पाहिले आहेत. पण अति उपचारांनी बिघडलेली त्वचा त्याहून अधिक वेळा पाहिली आहे. हा धागा मुख्यतः त्यासाठी काढत आहे.

म्हातारपणी कातडी पातळ होते एवढे सर्वांनाच माहीत असते. शुश्रूषेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा बदल वरचा आणि आतला थर जिथे जोडलेले असतात तिथे घडतो. तरुण वयात हे थर सुताराने खाचा पाडून बसवलेल्या फळ्यांप्रमाणे एकमेकांत अडकलेले असतात; वय वाढेल तशा या खाचा सपाट होत जातात, आणि मग चिकटपट्टी जोरात ओढली, दंडाला धरून उठवले किंवा शुश्रूषा करणाऱ्याची बांगडी घासली, एवढ्यानेही वरचा थर सुटून येतो. शिवाय तेलग्रंथी मंदावलेल्या असतात, रक्तपुरवठा घटलेला असतो आणि मधुमेह, पायांवरची सूज, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वर्षानुवर्षे घेतलेले स्टेरॉइड यांपैकी काही ना काही सोबतीला असतेच. अशा त्वचेवर किरणोपचार किंवा केमोथेरपी सुरू होते. हे दोन्ही उपचार भराभर विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात, आणि त्वचेच्या तळाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्याही त्या तडाख्यात सापडतात.

आधी किरणोपचारांविषयी लिहिते, कारण आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण फार आहेत आणि त्यांना मानेवर बहुधा सहा-सात आठवडे शेक (म्हणजे किरणोपचार) घ्यावा लागतो. सुरुवातीचे काही दिवस विशेष काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा गरम आणि ताठर लागू लागते, पुढे कोरडी साल निघते, आणि मानेच्या वळ्या, काख, स्तनाखालची घडी, जांघ अशा घामट जागी साल निघून खालचा ओला, चुरचुरणारा भाग उघडा पडतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत पहिली खूण म्हणून लाली दिलेली असते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली सहसा दिसत नाही. जागा काळसर, जांभळट किंवा राखी होते, आणि घरचे "उन्हाने रापले असेल" असे म्हणून सोडून देतात. म्हणून नव्याने रुजू झालेल्या मुलींना मी डोळ्यांच्या आधी हात वापरायला सांगते. हाताच्या पालथ्या बाजूने शेकाची बाजू आणि दुसरी बाजू आळीपाळीने तपासावी. उष्णता, ताठरपणा आणि हलके दाबल्यावर दुखणे या तीन बाबींतला फरक रंग बदलण्याच्या आधी कळतो. वृद्ध रुग्ण स्वतःहून सांगेल या भरवशावर राहू नये. "एवढे तर होणारच" असे म्हणून गप्प बसणारी ती पिढी आहे.

शेकाच्या जागेला पाणी लावू नका, हा सल्ला आजही कानावर येतो. तो जुना झाला. कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरून हलक्या हाताने धुतल्यास त्रास वाढत नाही, हे चाचण्यांतून दिसून आले आहे. पाणी तांब्याने ओतावे, मऊ सुती पंचाने टिपून घ्यावे आणि घासू नये; किरण कुठे द्यायचे यासाठी विभागाने त्वचेवर आखलेल्या खुणांची शाई मात्र जपावी. सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा लावावे. डॉक्टरांनी मोमेटासोनसारखे स्टेरॉइड मलम लिहून दिले असेल तर ते अखंड त्वचेवर सुरुवातीपासून लावायचे असते. साल निघून ओले झाल्यावर ट्यूब उघडण्यात अर्थ नसतो. दाढी करायचीच असेल तर विजेच्या यंत्राने करावी. जागा ओली झाल्यावर सलाईनने धुऊन न चिकटणारे ड्रेसिंग ठेवावे आणि ते सैल जाळीच्या पट्टीने धरून ठेवावे. शेक दिलेल्या कातडीवर चिकटपट्टी कधीही लावू नये.

हाता-पायांची सोलवटणारी कातडी, शय्याव्रणे (बेडसोर) आणि इतर बाबी प्रश्न येतील तशा लिहीन.


सांगलीकर

आपला लेख वेळेवर वाचायला मिळाला. माझ्या वडिलांचे वय ७४ असून त्यांच्या घशावर किरणोपचार सुरू आहेत व सध्या चौथा आठवडा चालू आहे. ते माळकरी आहेत आणि गळ्यातली तुळशीची माळ उतरवायला तयार नाहीत. तंत्रज्ञांनी शेकासाठी डोके स्थिर धरणारा मुखवटा बसवताना ती काढायला लावली, तर ते बाहेर आल्याबरोबर पुन्हा घालतात. माळ जिथे टेकते तिथे आता काळी रेघ उमटली आहे आणि मानेच्या एका बाजूस साल निघू लागली आहे. आईने काल तिथे हळद आणि साजूक तूप लावले. हळद जंतुनाशक आहे हे तर आपण सारेच मानतो; मग ती लावण्यात नेमकी अडचण काय आहे, हे समजून घ्यायला आवडेल.


पांढरी टोपी

सांगलीकर, माळेविषयी आधी. या बाबतीत रुग्णाशी वाद घालण्यात वेळ जातो आणि मन दुखावते ते वेगळेच. आमच्याकडे वारकरी रुग्ण नेहमी येतात. त्यांच्यापुढे मी थेट दोन पर्याय ठेवते. माळ उजव्या मनगटाला सैल गुंडाळावी, किंवा उपचार संपून मान बरी होईपर्यंत घरच्या विठ्ठलाच्या तसबिरीला घालावी. बहुतेक जण दुसरा पर्याय आनंदाने स्वीकारतात. फडातल्या किंवा दिंडीतल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाने फोनवर होकार दिला तर प्रश्नच मिटतो. स्त्रियांच्या मंगळसूत्राचेही असेच असते. धातूची साखळी शेक घेताना तर चालतच नाही, पण एरवीही सोलवटलेल्या कातडीवर काळे मणी दिवसभर घासत राहतात. ते मनगटात घालता येतात.

आता हळद. डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण ओल्या जागेत रुतून बसतात. ते काढण्यासाठी घासावे लागते आणि घासले की उरलेली कातडीही जाते. दुसरी अडचण परिचारिकेची आहे. पिवळ्या थराखाली जागा किती ओली झाली, पू आहे की नाही, कडा पसरल्या का, यांतले काहीच दिसत नाही. तूप किंवा तेल जाड लावून तसेच शेकाला जाऊ नये, हेही आईंना सांगा. लावलेले लगेच खरवडू नका. सलाईनमध्ये भिजवलेला गॉझ दहा-पंधरा मिनिटे ठेवून ते आपोआप सुटू द्या, आणि आज ना उद्या विभागातल्या सिस्टरना मान दाखवा.


शंकेखोर

हा धागा उपयुक्त आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. आधुनिक वैद्यक प्रत्येक पारंपरिक उपायाला सरसकट नकार देते आणि काही वर्षांनी तोच उपाय ट्यूबमध्ये भरून विकते, असा आपला अनुभव आहे. हळदीवर कर्करोगाच्या संदर्भात भारतातच संशोधन झाले आहे, असे मी वाचले आहे. ते आपण विचारात घेतले आहे काय?


किरणवैद्य

मी किरणोपचार विभागात डॉक्टर आहे, म्हणून या आक्षेपाला उत्तर देतो. होय, असे संशोधन झाले आहे. मंगळूर येथे डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर हळद आणि चंदनतेल असलेल्या एका तयार मलमाचा छोटा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मलम लावणाऱ्या गटात त्वचेची प्रतिक्रिया उशिरा आणि सौम्य आली. मात्र तिथे ठरलेल्या घटकांचे मलम अखंड त्वचेवर उपचारांच्या आरंभापासून लावले होते. स्वयंपाकघरातली पूड चौथ्या आठवड्यात सोललेल्या मानेवर भुरभुरणे ही वेगळी कृती आहे, आणि त्या अभ्यासातून तिला कोणताही आधार मिळत नाही. त्यामुळे पांढरी टोपी यांचा सल्ला परंपरेविरुद्ध आहे असे मला वाटत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करतो. शेकाच्या आधी चार तास काहीच लावू नका, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते आणि रुग्ण भीतीपोटी दिवसभर मान कोरडी ठेवतात. पातळ थर लावल्याने त्वचेवरची किरणांची मात्रा लक्षणीय वाढत नाही, हे मोजून पाहिलेले आहे. टाळायचा आहे तो जाड लपका. मात्र विभागाने वेगळी सूचना दिली असेल तर ती पाळावी.

घशाच्या कर्करोगात मधेच शेक थांबला तर राहिलेल्या गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते, म्हणून आम्ही खंड पडू न देण्याविषयी आग्रही असतो. मान सोलवटली म्हणून वृद्ध रुग्ण चार दिवस आला नाही, तर त्याची किंमत मूळ आजारात मोजावी लागते. स्तनाच्या कर्करोगात हल्ली बहुसंख्य रुग्णांना पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत, १५ बैठकांमध्ये शेक देता येतो आणि त्यात त्वचेचा त्रासही कमी होतो. ही सोय आपल्या आईला किंवा आजीला लागू पडते का, हे उपचार ठरवतानाच विचारावे.


अबोली

माझ्या आईचे वय ७१ आहे. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. दुसऱ्या आवर्तनापासून तिचे तळहात काळे पडले आहेत, चकाकतात आणि आता अंगठ्याच्या मुळाशी भेगा पडल्या आहेत. ती अजूनही रोज स्वतः भाकऱ्या थापते आणि आम्ही कितीही विनवले तरी ऐकत नाही. मागच्या महिन्यात रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठाच उमटला नाही आणि तिला धान्य न घेता परत यावे लागले. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध असू शकतो का?


पांढरी टोपी

अबोली, संबंध आहे. कॅपेसिटाबीनने तळहात आणि तळपायांना होणारा हा त्रास अगदी नेहमीचा आहे. आधी मुंग्या येतात किंवा जळजळ होते, मग कातडी काळवंडते, सुजते, सोलते आणि त्यात बोटांच्या रेषा पुसट होत जातात. गोळ्या थांबल्यावर त्या रेषा बहुधा परत येतात. तोपर्यंत रेशनसाठी घरातल्या दुसऱ्या नोंदलेल्या सदस्याचा अंगठा चालतो. आईंना पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आहे, आणि बँकेत प्रत्यक्ष जाऊन कागदी दाखला देण्याचा मार्ग आहेच. डॉक्टरांकडून उपचारांविषयी एक पत्र घेऊन ठेवल्यास प्रत्येक खिडकीवर नव्याने समजावत बसावे लागत नाही.

भाकरीचे मात्र मनावर घ्या. या त्रासात उष्णता, दाब आणि घर्षण यांनी कातडी अधिक बिघडते, आणि भाकरी थापताना हे तिन्ही एकाच वेळी घडते : गरम पाण्यात उकड काढायची, परातीत तळहाताने मळायचे, थापायचे आणि शेवटी तव्यावर बोटांनी पाणी फिरवायचे. नुसते "करू नकोस" म्हटल्याने कोणतीही आई ऐकत नाही. कामांची वाटणी बदलून पाहा. पीठ दुसऱ्याने मळावे आणि थापावे, आईंनी बसून भाकरी फुगली का ते पाहावे आणि सुनेला किंवा मुलाला बोलावे. तो अधिकार त्यांच्याकडेच राहू द्या. धुणे आपटणे, खलबत्ता, पिळे घट्ट पिळणे, कढत पाण्याने अंघोळ, अनवाणी गच्चीवर जाणे हे सर्व बंद करावे. पायात मऊ तळाची, अंगठा न रुतणारी चप्पल असावी.

लावण्याविषयी. १० टक्के युरिया असलेले मलम भेगा पडण्याआधीपासून लावायचे असते. भेगांवर ते झोंबते, म्हणून सध्या साधी पेट्रोलियम जेली आणि रात्री सुती हातमोजे. दिल्लीच्या एम्समध्ये डायक्लोफिनॅक १ टक्का जेलची चाचणी झाली आणि ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के रुग्णांना मध्यम किंवा तीव्र त्रास झाला, तर साधे जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. ही दुखण्यावर लावायची तीच स्वस्त ट्यूब आहे. पण ती प्रतिबंधासाठी वापरली गेली होती आणि तुमच्या आईच्या हातांना आता भेगा आहेत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

तळहात दुखू लागले, बटण लावता येईना किंवा फोड आले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात कळवावे. बहुधा गोळ्या काही दिवस थांबवून मग मात्रा ठरवली जाते. आईंचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) अलीकडे तपासले आहे का, हेही विचारा. हे औषध शरीरातून बाहेर टाकण्यात मूत्रपिंडाचा वाटा मोठा असतो, आणि सत्तरीत अहवालातला आकडा सर्वसाधारण दिसत असतानाही मूत्रपिंडाची क्षमता पुष्कळ उतरलेली असू शकते.


दूरदेशी

मी मूळची नाशिकची. गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या गटात काम करते. वृद्धांच्या कातडीच्या फाटण्याविषयी वर उल्लेख आला आहे, त्यात भर घालते. कातडीचा पापुद्रा सुटला असेल तर तो कात्रीने कापून टाकू नये. सलाईनने धुऊन ओल्या कापसाच्या काडीने तो हळूच मूळ जागी सरकवावा, वर सिलिकॉनचे न चिकटणारे ड्रेसिंग ठेवावे आणि ड्रेसिंग कोणत्या दिशेने काढायचे याचा बाण त्यावर पेनने काढून ठेवावा. अन्यथा पुढच्या पाळीतली व्यक्ती उलट्या बाजूने ओढते आणि बसलेला पापुद्रा पुन्हा उचकटतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील वृद्धाश्रमांत झालेल्या अभ्यासात हातापायांना दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर लावल्याने अशा जखमा निम्म्याच्या आसपास कमी झाल्या होत्या. इतक्या स्वस्तात इतका लाभ देणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

एक सावधगिरी मात्र सांगावीशी वाटते, कारण भारतात तिच्याविषयी कोणी बोलताना दिसत नाही. मलमे आणि पेट्रोलियम जेली कपड्यांत, चादरीत मुरत जातात आणि असा कपडा ज्योतीजवळ गेला तर झपाट्याने पेटतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये याविषयी इशारा दिला आहे. सुट्टीवर घरी आल्यावर मी पाहते तर आजीच्या हातांना तुपकट मलम, अंगावर मलम मुरलेले सुती लुगडे आणि समोर निरांजन. नुसत्या धुण्याने कपड्यातला हा अंश पूर्णपणे जात नाही. देवापुढे विजेचा दिवा ठेवावा किंवा दिवा दुसऱ्याने लावावा.


पांढरी टोपी

दूरदेशी यांची ही सूचना मी आमच्या विभागातल्या माहितीपत्रकात घालण्यासाठी सुचवणार आहे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांविषयी व्यक्तिगत संदेशांतून बरेच प्रश्न आले आहेत, त्यांना इथेच एकत्र उत्तर देते. आमच्या पिढीला परिचर्या शाळेत पाठीची निगा म्हणून स्पिरिट चोळून पावडर लावायला शिकवले गेले, आणि अनेक ठिकाणी आजही तेच चालते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, पावडर घामात गोळे होऊन घड्यांत बसते, आणि माकडहाडावर काळसर झालेल्या जागी मालिश केल्याने खालच्या आधीच चेंगरलेल्या ऊती अधिक फाटतात. हे तिन्ही सोडून द्यावे. गादीवर ठेवायची हवेची गोल रिंगही नको. मध्यभागी दाब कमी होतो, पण कडेने रक्तपुरवठा अडतो आणि मधला भाग सुजतो. त्याऐवजी हवेची गादी घ्यावी, साधारण दोन-दोन तासांनी कूस बदलावी, पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवावे आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला वर सरकवताना काखेत धरून ओढू नये. खाली आडवी चादर घालून दोघांनी उचलावे.

कोणाला धोका अधिक आहे हे ठरवण्यासाठी आम्ही ब्रेडन मापनपट्टी वापरतो. संवेदना, ओलावा, हालचाल, स्थिती बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींचे एकूण २३ गुण असतात, आणि १८ किंवा त्याहून कमी भरले तर जपावे लागते. केमोथेरपी घेणाऱ्या वृद्धाचे गुण एका आठवड्यात झरझर उतरू शकतात. जुलाब लागतात, जेवण सुटते, अशक्तपणामुळे हालचाल थांबते. म्हणून दाखल झाल्याच्या दिवशी भरलेला तक्ता पुढच्या आवर्तनापर्यंत ग्राह्य धरू नये.


अबोली

आपल्या उत्तरामुळे फार आधार मिळाला. गोळ्या सध्या डॉक्टरांनी थांबवल्या आहेत. आणखी एक विचारते. जुलाबांमुळे आईला रात्री डायपर लावावे लागते. ब्युरोतून येणाऱ्या ताई म्हणतात की मांड्यांच्या मध्ये बेडसोर झाला आहे. तो बेडसोरच आहे हे कसे ओळखावे?


पांढरी टोपी

शय्याव्रण साधारणपणे हाडाच्या उंचवट्यावर होते. माकडहाड, खुबा, टाच. त्याची कड स्पष्ट असते. घड्यांमध्ये, दोन्ही बाजूंना पसरलेली, कडा अस्पष्ट असलेली, चुरचुरणारी जागा असेल तर ती मल-मूत्राच्या ओलाव्याने झालेली असण्याची शक्यता जास्त असते. फरक करणे आवश्यक आहे, कारण पहिल्यात दाब काढावा लागतो आणि दुसऱ्यात ओलावा. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुवावे, टिपून घ्यावे, झिंक ऑक्साइडचा थर द्यावा. पुढच्या वेळी तो थर पूर्ण खरवडून काढायचा नसतो. वरची घाण पुसून त्यावरच नवा थर द्यावा. दोन डायपर एकावर एक लावण्याची पद्धत कृपया बंद करावी. घडीत पांढरट थर आणि भोवती बारीक पुटकुळ्या दिसल्यास बुरशी असू शकते. त्यासाठी वेगळे औषध लागते. आणि जुलाबांविषयी डॉक्टरांना सांगितले आहे ना? कॅपेसिटाबीन घेताना जुलाब ही स्वतंत्रपणे कळवण्याची बाब आहे.


शंकेखोर

किरणवैद्य यांचे उत्तर पटले. आता स्वतःचाच प्रश्न विचारतो. माझ्या काकांना मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगासाठी बोर्टेझोमिबची इंजेक्शने सुरू आहेत. बरगडीवर एका बाजूने आग होत होती, काल तिथे फोडांचा पट्टा उठला. गावातले सगळे म्हणतात की नागीण आहे, तोंड आणि शेपूट जुळण्याच्या आत उतरवून घ्या. गेरू लावून झाला आहे.


पांढरी टोपी

नागीण असण्याची दाट शक्यता आहे, काकांना आजच डॉक्टरांना दाखवा. विषाणूवरचे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोग होतो. प्रतिकारशक्ती उतरलेल्या रुग्णात त्यानंतरही देतात, पण थांबायचे कशाला? लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दबून राहिलेला असतो आणि तो त्या मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठतो. म्हणून फोड शरीराच्या मध्यरेषेशी थांबतात आणि तोंड-शेपूट सहसा जुळत नाही. पट्टा ओलांडून अंगभर फोड आले, किंवा नाकाच्या शेंड्यावर आणि डोळ्याजवळ आले, तर ती तातडीची स्थिती असते. बोर्टेझोमिबसोबत नागिणीच्या प्रतिबंधासाठी सहसा गोळ्या दिल्या जातात. काकांना त्या दिल्या होत्या का आणि ते नियमित घेत होते का, हे पाहा. गेरू कोमट सलाईनने भिजवून काढा. फोडांवर खपली धरेपर्यंत गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले आणि केमो घेणारे इतर रुग्ण यांना लांब ठेवा.

याच निमित्ताने दोन मुद्दे थोडक्यात मांडते. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या जेफिटिनिबसारख्या गोळ्यांनी चेहऱ्यावर आणि छातीवर येणारे पुरळ मुरुमांसारखे दिसले तरी मुरूम नव्हेत. मुरुमांची मलमे लावल्यास कातडी भाजल्यागत होते. त्यासाठी डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक दिले असेल तर वृद्धांनी ते ग्लासभर पाण्यासोबत बसून घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, कारण गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते. दुसरे, शिरेतून केमो चालू असताना सुईच्या जागी जळजळ झाल्यास रुग्णाने त्याच क्षणी आवाज द्यावा. औषध शिरेबाहेर गेल्याचा संशय आला की आम्ही आधी ते थांबवतो, सुई तशीच ठेवून आतले औषध ओढून घेतो आणि मगच सुई काढतो. घरच्यांनी घाबरून सुई उपसू नये. त्या जागी गार पट्टी ठेवायची की गरम हे औषधावर ठरते : डॉक्सोरुबिसिन या लाल औषधाला गार, व्हिन्क्रिस्टिनला गरम.


दूरदेशी

एका गोष्टीवर आपल्याकडे फारसे मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून विचारते. स्तनावर फुटून वाहणाऱ्या गाठीच्या दुर्गंधीमुळे अनेक वृद्ध स्त्रिया स्वतःच मागच्या खोलीत राहू लागतात, असे माझ्या आत्याकडून ऐकले. तिथे घरी काय करता येते?


पांढरी टोपी

पुष्कळ करता येते. दुर्गंधी बहुतांशी ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंमुळे असते आणि मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाने ती काही दिवसांत स्पष्ट कमी होते. जेल मिळाले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर टाकतात. पॅलिएटिव्ह केअरमध्ये (त्रास कमी करण्यासाठीच्या शुश्रूषेत) ही रुळलेली पद्धत आहे आणि ती खिशाला परवडते. ड्रेसिंग कोरडे ओढू नये, सलाईनने पूर्ण भिजवून सोडवावे, नाहीतर रक्त येते. वेदनाशामक अर्धा तास आधी द्यावे. जखमेत किडे दिसले तर घरचे लोक शरमेने लपवतात. ती माशीने घातलेल्या अंड्यांतून झालेली बाब आहे, रुग्णालयात ते काढता येतात, आणि जखम झाकलेली व मच्छरदाणी लावलेली असेल तर टाळताही येतात. या बायकांना मागच्या खोलीतून पुढे आणणे हे मी ड्रेसिंगइतकेच महत्त्वाचे मानते.


सांगलीकर

कळवण्यास आनंद वाटतो की वडिलांनी माळ घरच्या विठ्ठलाला घालायचे मान्य केले. त्यांचा शेवटचा शेक पुढच्या शुक्रवारी आहे आणि शनिवारी आम्ही गावी परत निघू. तिथून रुग्णालय दूर पडते. शेक संपल्यावर मान आपोआप सुधारू लागेल असे धरून चालावे का?


पांढरी टोपी

लगेच नाही. शेक संपल्यानंतरचे एक-दोन आठवडे मान अधिक बिघडलेली दिसू शकते आणि मग ती भरू लागते. पूर्ण निवळायला साधारण महिना-दीड महिना जातो. म्हणून निघण्याआधी न चिकटणारी ड्रेसिंग, सलाईनच्या बाटल्या आणि वेदनाशामके पंधरा दिवस पुरतील इतकी बरोबर घ्या आणि विभागाचा फोन क्रमांक लिहून घ्या. गावी कोणी वाफ, शेकोटी, गरम पाण्याची पिशवी सुचवेल. मानेला यांतले काहीही नको. उन्हात जाताना गळ्याभोवती सुती उपरणे सैल गुंडाळावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, ओल्या जागेतून हिरवट स्राव किंवा नवी दुर्गंधी आली, लाळही गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि उपचारांची फाईल सोबत न्या.

रोज मानेचा एक फोटो काढत जा : दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून आणि त्याच अंतरावरून. फोनवर "जरा वाढले आहे" असे सांगितले तर आम्हाला काही उमगत नाही. तीन दिवसांचे तीन फोटो पाठवले तर प्रत्यक्ष बोलवावे लागेल की नाही, ते पाहूनच सांगता येते.